पाट्या, पत्रिका आणि मधेमधे वेबसाइट

गेल्या महिन्यात एका केटरिंगवाल्यांची साइट लाइव्ह केली आणि रात्री साडेअकराला सहज फोनवर परत उघडून बघत होते, तर पहिल्याच ओळीत ‘आमच्या आचार्यांना २५ वर्षांचा अनुभव’. पोटात गोळाच आला. आचार्य म्हणजे गुरुजी, स्वयंपाक करतात ते आचारी, त्यांना म्हणायचं तर आचाऱ्यांना, तो ऱ्य वेगळा. शाळेत दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगराच्या, असं बाईंनी शिकवलेलं, ते नेमकं इथे निसटलं. झालं असं की मजकूर त्यांच्या जुन्या पत्रकातला होता, श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला, आणि ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात त्यामुळे कॉपी केलं की नुसता कचरा दिसतो, मग कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे दिसणाऱ्या मराठीत आणायचं, आणि त्या येरझारीत ऱ्य चा र्य होऊन गेला. मी वाचलं होतं पण नीट वाचलं नव्हतं. तेव्हाच लॅपटॉप उघडला, दुरुस्त केलं, मग झोपले. त्या माणसांनी पंचवीस वर्षं चुलीपुढे काढलीत, त्यांच्याबद्दलचं एक वाक्य तरी बरोबर असायला पाहिजे ना.

तर मी वेब डिझायनर, कोल्हापुरात राहते, घरूनच काम करते. क्लायंट म्हणाल तर डेंटिस्ट, गुळाचे व्यापारी, दोन क्लासवाले, एक चपलांचं दुकान. दिवसातला निम्मा वेळ डिझाइनमध्ये जातच नाही, कुणाचं डोमेन रिन्यू करायचं राहिलंय, कुणाला ओटीपी आलाय तो सांगायला ते फोन उचलत नाहीत, कुणी दुकानाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत म्हणजे आधीच बारीक होऊन आलेत, मग ‘दादा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे परत एकदा समजावायचं. हे सगळीकडेच असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला लिहायचंय ते अक्षरांबद्दल.

चार वर्षांपूर्वी त्या चपलांच्या दुकानाची साइट केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, मालकांना ते पहिल्या पानावर ठळक पाहिजे होतं. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, मी बाहेरची विकत घेतलेली, दिसायला छान, पण ती इंग्रजी डोक्यात ठेवून केलेली, हेडिंगला लेटर-स्पेसिंग दिलेलं. इंग्रजीत अक्षरं जरा लांब लांब ठेवली तर ऐटबाज दिसतात. मराठीत काय होतं, शिरोरेघच तुटते. ‘कोल्हापुरी’चे तुकडे पडून को ल्हा पु री असं दिसायला लागलं, जणू कुणी अडखळत वाचतंय. आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, कमी असल्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढलेले. मालकांना कळलं नाही काय चुकलंय, पण ते म्हणाले, ‘ताई, हे आपलं वाटत नाही ओ.’ त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. मी स्पेसिंग शून्य केलं, लाइन-हाइट १.६ वर नेली, फॉन्ट बदलून मुक्त लावला आणि वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा इंग्रजीऐवजी मराठी केली. हे शेवटचं फार कमी लोक करतात. पानाची भाषा मराठी आहे असं ब्राउझरला कळलं तर ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. बटणावर ‘ॲड टू कार्ट’ होतं तिथे ‘पिशवीत टाका’ लिहिलं. ते अजून तसंच आहे आणि मला त्याचा खूप आनंद आहे.

मुक्त हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा फॉन्ट, फुकट वापरता येतो, सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाड्यांत मिळतो. (सातही लोड करू नका, देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे फाइल जड असते, दोन पुरतात.) त्यांचाच मोदक पण आहे, इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटात जागाच उरत नाही, बारशाच्या आमंत्रणाला तोच लावते. मी कॉलेजात होते तेव्हा सगळीकडे विंडोजमधला मंगल फॉन्ट दिसायचा, आणि तो र. कृ. जोशींनी केलाय हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. रोज ज्यात वाचतो ते अक्षर कुणीतरी बसून काढलेलं असतं हे कुणी सांगतच नाही आपल्याला.

तिथून पाट्यांचा नाद लागला. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला स्कूटर काढायची, दुकानं उघडायच्या आत, कारण एकदा गाड्या लागल्या की पाटी दिसत नाही. गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोडच्या मागच्या बोळा, मंगळवार पेठ. हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढायचे. पिठाची गिरणी, सायकल दुकान, तालमीची भिंत, लाकडी दारावर वकिलांचं नाव. आतापर्यंत चारशेच्या वर झालेत. ज्या शहरात सिनेमावाले बाबूराव पेंटर झाले तिथे पेंटर हे आडनावासारखंच लावतात, पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव आणि पुढे पेंटर. फ्लेक्स आल्यावर त्यातले बहुतेक ब्रश ठेवून बसले.

अशाच एका फेरीत पेंटरकाका भेटले. सत्तरीच्या पुढचे, गिरणीसमोर चहा पीत होते आणि मी त्यांच्याच पाटीचा फोटो काढत होते. ‘कशाला काढतीस गं? जुनी झाली ती.’ म्हटलं अक्षर आवडलं. तर म्हणाले, ‘कुठलं?’ असा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, ‘ण’. ते हसले आणि चहा सांगितला.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा त्यांच्या घरी जाते. आधी सूत मारून दोन रेघा आखायच्या, खडूने नाव नुसतं मांडून बघायचं, मग ऑइल पेंट. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं म्हणजे हात हलत नाही. मला वाटायचं आधी वरची रेघ ओढून अक्षरं खाली टांगायची असतील, पण काका सगळी अक्षरं उभी करून घेतात आणि शिरोरेघ शेवटी, एका दमात. मी पहिल्यांदा ‘गणेश’ लिहिलं तेव्हा पट्टीने मोजून सारखी अंतरं ठेवली होती. काकांनी बघितलं आणि म्हणाले, ‘ग आनि ण मधनं ट्रक जाईल की. मोजू नगोस, डोळ्यानं बघ.’ ग चा काना आणि ण चा आकार शेजारी आले की मधली पांढरी जागा मोठी दिसते, तिथे सरकवायचं, आणि श ला मात्र मोकळं सोडायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या टेबलावर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका क्लासवाल्यांचा लोगो उघडला आणि पहिल्यांदा मला त्यातली फट दिसली. दोन वर्षं तो लोगो मीच वापरत होते.

साइड इन्कम म्हणजे लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न झालं की सुरू, ते मेपर्यंत. व्हॉट्सॲपवर पाठवायची एक इमेज, ५०० रुपये, छपाईची वेगळी. वेबसाइटला क्लायंट एकदा मजकूर देतो आणि परत वाचत नाही, पत्रिका मात्र अख्खं घर वाचतं, म्हणून हे काम मला मनापासून आवडतं. कुलस्वामिनी प्रसन्न वर, मग चि. आणि चि. सौ. कां., मग निमंत्रक, त्यात थोरल्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली गेलं तर रात्री अकराला फोन येणारच. एकदा एका आजींनी फक्त एवढ्यासाठी फोन केला की त्यांच्या गेलेल्या मिस्टरांच्या नावामागे कै. आहे ते जरा बारीक करता येईल का, नाव मोठं राहू दे. केलं. त्या नावाला इतका वेळ दिला की नवरा-नवरीच्या नावाला दिला नसेल.

२०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं तेव्हा पुण्याच्या एका ओळखीच्या डिझायनरने मला वीसेक नावं पाठवली होती, इंग्रजी लोगो मराठीत बसवायला. घाई होती सगळ्यांना. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी अक्षरांचेच तुकडे तोडून मराठी जुळवायला सांगत होते, मी तेवढी दोन-तीन कामं सोडली. पैसे गेले, पण वाचता न येणारी पाटी लावून काय करायचं.

आता नवीन उद्योग असा की काकांच्या अक्षरांचा फॉन्ट करतेय. फोटो घ्यायचे, त्यावरून फॉन्टफोर्ज या फॉन्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार काढायचे, ज्या पाट्या पुसट झाल्यात तिथलं अक्षर काका परत कागदावर काढून देतात. क्लायंटचं काम संपलं की रात्री तासभर. ३१ अक्षरं झालीत. ळ तीनदा काढला, अजून पोट बरोबर येत नाहीये. श्री मात्र पाच प्रकारचे मिळाले, कारण प्रत्येक पाटीवर वर श्री असतोच, आणि कुठला ठेवायचा हे ठरत नाही.

परवा यादी करताना लक्षात आलं की ङ एकाही पाटीवर नाही. चारशे फोटो परत चाळले. नाहीच. काकांना फोन केला, म्हटलं काका, ङ काढून पाहिजे, मी पुढच्या रविवारी येते. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘पन्नास वर्सांत कुनी सांगितला न्हाई गं तो. कुनाच्या दुकानाचं नाव हाय?’