कोण सांगतंय? पुस्तक-सिनेमा वहीची पुढची पानं

पुस्तक आणि त्यावरून केलेला सिनेमा शेजारी ठेवून बघायची माझी एक वही आहे. तीत गुण देणं बंद केलं. ‘पुस्तक आठ, सिनेमा सहा’ असं लिहिलं की वाचणारा आकडा बघतो, मान डोलावतो आणि पान उलटतो. त्यापेक्षा आता डाव्या पानावर सगळ्यात वर एकच प्रश्न असतो: कोण सांगतंय? काय गाळलं, कुणाला कापलं, शेवट कसा फिरवला ही यादी खाली असतेच, पण ती कुणीही करू शकतं. गोष्ट सांगणाऱ्या माणसाचं पडद्यावर येताना काय झालं ते आधी पाहिलं, तर निम्मी काटछाट का झाली हे त्यातच कळतं.

या खेपेला दिग्दर्शक सुजय डहाकेच्या दोन सिनेमांना हात घातला. ‘शाळा’ आणि २०२३ ची ‘श्यामची आई’. दोन्हीकडे शाळकरी पोरगा, दोन्हीकडे पुस्तकात ‘मी’, आणि दोन्ही सिनेमांना त्या-त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. पण ‘मी’ आणि ‘मी’त केवढा फरक!

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ ची. सांगणारा मुकुंद जोशी नववीत आहे आणि शेवटच्या पानापर्यंत नववीतलाच राहतो. मोठा होऊन मागे वळून बघणारा, स्वतःवर हसणारा जोशी त्यात नाहीच. आणीबाणीसुद्धा मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडते तेवढीच. सिनेमा २०१२ च्या जानेवारीत थेटरात लागला. त्यात अंशुमन जोशीचा चेहरा छान आहे, पण पुस्तकातला जोशी डोक्यात सतत जे आडाखे बांधत असतो (कुठल्या वेळी कुठल्या रस्त्याने गेलं की शिरोडकर दिसेल, कुणाला काय सांगितलं की काय उलटेल) ते चेहऱ्यावर किती येणार? माझ्या मते निम्मं. तेही भरपूर झालं.

मिळालंय काय, तर जोशीला आवडणारी ही शिरोडकर. पुस्तकात ती आपल्याला जोशीला दिसते तेवढीच दिसते. तिने बघितलं का, का बघितलं, हे तोच ठरवणार आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवणार. पडद्यावर केतकी माटेगावकर त्याच्याकडे बघते तेव्हा मध्ये जोशी नसतो. तिचं बघणं थेट आपल्यापर्यंत येतं. पुस्तक परत चाळलं तेव्हा शिरोडकरच्या वाक्यांपाशी मी जास्त थांबले, हे सिनेमाचंच देणं. शाळेतल्या बाई आणि जोशीच्या नरूमामाबद्दल वहीत पानभर खरडलंय, ते इथे देत नाही. जितेंद्र जोशीचा नरूमामा आवडला, एवढं पुरे.

आता श्याम. साने गुरुजींनी या पुस्तकाचा बराचसा भाग नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिला. यातला श्याम मोठा झालेला आहे. आश्रमात रात्री सगळे जमलेत आणि तो आईच्या आठवणी सांगतोय. म्हणून तर प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय. एकेक रात्र, एकेक आठवण, अशा बेचाळीस. लहानपणी वाचताना ही आश्रमाची चौकट मी सरळ ओलांडून जायचे. आता तीच महत्त्वाची वाटते.

पोहण्याची रात्र घ्या. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आई त्याला बदडून काढते आणि विहिरीवर पाठवते. मागाहून तीच त्या वळांना तेल लावते. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून आणि १९५३ चा अत्र्यांचा सिनेमा थांबवत थांबवत हा भाग मी ओळीला ओळ लावून बघितला. पुस्तकात मार बसतो तेव्हा तो सांगणाऱ्याने केव्हाच माफ केलेला असतो. आवाजच तसा आहे: आई गेलेली, मुलगा मोठा झालेला, ऐकणारे मित्र समोर. छडी कितीही जोरात लागली तरी वाचणाऱ्याला माहीत असतं की हा माणूस आईची पूजा बांधायला बसलाय. पडद्यावर छडी आत्ता बसते. माधव वझेंचा श्याम आत्ता कळवळतो आणि वनमालांच्या चेहऱ्यावरचा राग आत्ताचा असतो. म्हणूनच तेलाचा प्रसंग सिनेमात जास्त जड जातो, कारण माफी तिथे डोळ्यांदेखत घडावी लागते. पुस्तकापेक्षा सिनेमात लोक जास्त रडतात त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. वसंत देसाईंचं संगीत मदतीला आहेच.

डहाकेने ती चौकट वेगळ्या ठिकाणी नेली. त्याच्याकडे तुरुंगातले साने गुरुजीच आहेत, ओम भूतकर, आणि चित्रपट कृष्णधवल. म्हणजे सांगणारा श्याम मागे सरला आणि लिहिणारा लेखक पुढे आला. कल्पना म्हणून ही मला फार पटते. पुस्तक जिथे जन्मलं ती खोलीच दाखवायची! पण आश्रमातल्या श्यामसमोर ऐकणारे आहेत, त्यांच्यासाठी तो थांबतो, समजावतो, कधी उपदेशही करतो. कोठडीत समोर कुणी बसलेलं नाही. त्यामुळे पुस्तकातला तो शिकवण्याचा सूर पातळ होतो. आजच्या प्रेक्षकाला ते सोयीचं असेल. मला त्या सुराची किंचित आठवण आली, आणि हे मी लिहितेय याचं माझं मलाच नवल वाटतंय, कारण शाळेत याच सुराचा वैताग यायचा.

आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, ते ठीक आहे, पण अत्र्यांच्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं होतं, माहितीये ना?” माहीत आहे. यापुढे तिच्याशी वाद घालायचा नाही असं ठरलंय.

‘बनगरवाडी’ला पुढच्या खेपेला जास्त जागा देईन, सध्या दोनच गोष्टी. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीत धनगरांच्या वाडीवर आलेला शाळामास्तर ‘मी’ म्हणतो खरा, पण स्वतःकडे जवळजवळ बघतच नाही. तो वाडी बघतो, कारभारी बघतो, आनंदा रामोशी, आयबू बघतो. काचेतून बघावं तसं आपण त्याच्यातून बघतो. अमोल पालेकरांच्या १९९५ च्या सिनेमात ही काच टिकणं शक्यच नाही. चंद्रकांत कुलकर्णी मास्तर म्हणून फ्रेममध्ये उभा असतो, आणि धनगरांनी त्याच्याकडे बघितलेलंही आपल्याला दिसतं. त्यामुळे वाडीत तालीम बांधायच्या खटपटीत पुस्तकातला मास्तर वाडीचा एक हात वाटतो, तर सिनेमातला बाहेरून आलेला तरुण वाटतो. दुसरी गोष्ट म्हणजे दुष्काळ. मेंढरं आणि माणसं वाडी सोडून जातात, ती रिकामी वाडी दाखवायला कॅमेऱ्याला शब्द लागत नाहीत. तिथे मी सिनेमाच्या बाजूने.

‘सिंहासन’ हे मात्र वेगळंच प्रकरण. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा १९७९ चा एक सिनेमा. दोन जाड पुस्तकं एका सिनेमात बसवायची तर कुणाच्या तरी डोळ्यांनी बघावं लागणार, आणि तो डोळा म्हणजे निळू फुलेंचा पत्रकार दिगू टिपणीस. सांगत काहीच नाही, नुसता सगळीकडे हजर असतो. शेवटी त्याला ते हसू लागतं, ते आवरत नाही. या सिनेमाच्या पानावर वरच्या प्रश्नासमोर ‘दिगू’ एवढंच लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय.

‘दुनियादारी’ अजून घेतली नाही. पुण्यात राहून सुहास शिरवळकरांबद्दल लिहायचं तर एस. पी. कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेली अख्खी पिढी दंडुका घेऊन येईल, तेव्हा जरा तयारीनेच.

‘कुंकू’ अडकलाय. प्रभातचा १९३७ चा, म्हणजे आपल्या लॉ कॉलेज रोडच्या आवारात, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथेच घडलेला. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून केलेला, आणि पटकथाही त्यांचीच. लेखकानेच स्वतःचं पुस्तक पडद्यासाठी परत लिहिलं तर सांगणारा बदलतो का, हे मला बघायचंय. सिनेमा परत पाहून ठेवलाय. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, घरातलेच आवाज. शांताराम इथे निवेदकाचं काम आवाजांकडून करून घेतात, असा माझा कयास आहे. पण कादंबरी हातात आल्याशिवाय पान उघडायचं नाही हा वहीचा नियम. अप्पा बळवंत चौकात तीन दुकानदारांनी नावावरच हसून पाठवलं. नारायण पेठेतल्या ग्रंथालयात चिठ्ठी देऊन आलेय. कुणाच्या घरी जुनी प्रत असेल तर कळवा, मी येऊन तिथेच बसून वाचेन. प्रत बाहेर नेणार नाही.

तोवर शांता निसळांची ‘बेघर’ आणि मग ‘उंबरठा’. कादंबरी सुरू केलीय. सिनेमाची घाई नाही, स्मिता पाटील एकदा डोळ्यांसमोर आली की पुस्तकातली बाई आपली स्वतःची राहत नाही.