स्कोअरबोर्डकडे पाठ करून: कॅक्टस लीगचा दौरा

आमची बेसबॉलची फँटसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बांधायचा खेळ, १५ संघांची आणि ५० फेऱ्यांची. म्हणजे मार्चअखेर ड्राफ्ट (पाळीपाळीने खेळाडू निवडणं) संपतो तेव्हा ७५० खेळाडू वाटून झालेले असतात आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत नवा माणूस घेता येत नाही. अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, मेजर लीगच्या, ३० संघांत मिळून रोजच्या जागाच ७८०. पहिल्या दहा फेऱ्या कुणीही खेळेल. पण चाळिसाव्या फेरीत सवाल असतो तो एखाद्या संघाचा दुसरा कॅचर कोण, किंवा क्लोजरचा, म्हणजे आघाडी राखत सामना संपवणाऱ्या पिचरचा, खांदा धरला तर त्या कामाचं श्रेय (सेव्ह) कुणाकडे जाणार, असा. ड्रीम इलेव्हनवर एका सामन्यासाठी अकरा जण निवडणाऱ्या भावंडांना हे वेड समजावणं मी सोडून दिलंय.

याच सवालांपायी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून ॲरिझोनातलं फिनिक्स गाठलं. सोबत कॉलेजचा मित्र, जो लीगमधला प्रतिस्पर्धीसुद्धा आहे. त्यामुळे गाडीत एकमेकांच्या वह्या बघायच्या नाहीत असा करार होता. तो पाळला गेला असं मी म्हणणार नाही.

स्प्रिंग ट्रेनिंगचे, म्हणजे मोसमाआधीच्या सराव शिबिराचे आणि सामन्यांचे, दोन भाग पडतात. १५ संघ फ्लोरिडात, १५ ॲरिझोनात. फ्लोरिडात एका स्टेडियमवरून दुसऱ्यावर जायला कधीकधी तीनेक तास गाडी हाकावी लागते. ॲरिझोनात सगळे संघ फिनिक्सच्या आसपास, दहा स्टेडियममध्ये; हीच कॅक्टस लीग. ही परंपरा १९४७ची, क्लीव्हलँड आणि जायंट्स या दोन संघांपासून सुरू झालेली. तरी ‘आसपास’ या शब्दावर फार विसंबू नका. पश्चिमेचं सरप्राइज आणि पूर्वेचं मेसा यांच्यात तासभराचं अंतर आहे, आणि संध्याकाळी लूप १०१ हायवे तुंबला की विचारू नका. म्हणून दिवस बाजूनुसार लावा. पूर्वेला स्कॉट्सडेल, सॉल्ट रिव्हर, टेंपी आणि मेसामधली दोन मैदानं. पश्चिमेला पिओरिया, सरप्राइज, ग्लेंडेल, गुडइयर आणि मेरीव्हेल. एकाच दिवशी दोन्ही बाजू केल्या तर बेसबॉल कमी आणि हायवे जास्त बघाल.

आता खरी गोष्ट. तिकीट काढून बघायचा दुपारचा सामना हा दिवसाचा दुय्यम भाग. आमच्यासारख्या डीप (लांबलचक ड्राफ्टच्या) लीगवाल्याचा दिवस सकाळी सुरू होतो, स्टेडियमच्या मागच्या सराव मैदानांवर. बरेच संघ ती सकाळी खुली ठेवतात, बहुतेक ठिकाणी फुकट. मार्चच्या मध्यापासून तिथेच मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळ्यांवरच्या, पोरांचे सामने लागतात. आझाद मैदानावर जसे शेजारीशेजारी डझनभर सामने रंगलेले असतात, तसंच काहीसं. इथे मध्ये जाळ्या आहेत एवढाच फरक. एका मैदानावर ट्रिपल ए (मेजर लीगच्या लगेच खालची पातळी), पलीकडे त्याखालची डबल ए, मधल्या वाटेवर उभं राहिलं की दोन्ही दिसतात.

या सामन्यांना नियम असे नसतातच. पिचरचे ठरलेले चेंडू संपले की दोनच बाद असले तरी इनिंग गुंडाळतात. दुखापतीतून उठलेला मोठा खेळाडू प्रत्येक इनिंगला पहिला बॅटिंगला येतो, चार वेळा खेळतो आणि गोल्फ कार्टमधून निघून जातो. धावफलक नसतो. होम प्लेटमागच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या) जाळीपाशी स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारे, बसलेले असतात, एका हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. ज्यांना त्या दिवशी टाकायचं नसतं असे तरुण पिचर रडार गन घेऊन आपल्याच सहकाऱ्याच्या चेंडूंचा वेग नोंदत असतात. त्यांच्या मागच्या रांगेत गुपचूप बसलात तर आकडे आपोआप दिसतात. खांद्यावरून वाकून बघू नका आणि प्रश्न तर विचारूच नका, ती माणसं कामावर असतात.

स्वतःचं स्टॉपवॉच मात्र न्या, फोनमधलं चालतं. बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंत उजव्या हाताच्या बॅटरला साधारण ४.३ सेकंद लागतात, डावखुऱ्याला ४.२. एका मैदानावर नव्वदीतला नंबर पाठीवर घेतलेला एक किरकोळ पोरगा सरळ शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात गेलेल्या चेंडूवर ४.० मध्ये पोचला. बाद झाला, पण मी आणि मित्र दोघांनी एकाच वेळी वहीत काहीतरी खरडलं आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

दुपारचा सामना बहुतेकदा एक वाजून पाच मिनिटांनी सुरू होतो. तिथे कोण जिंकलं याला शून्य किंमत. कोण कितव्या इनिंगमध्ये आला ते टिपा. नेहमीचे खेळाडू चार-पाच इनिंगनंतर आंघोळ करून गाडीत बसतात. त्यामुळे ज्याला महत्त्वाचा रिलीव्हर (नंतर येणारा बदली पिचर) म्हणून ठेवायचंय त्याला प्रशिक्षक तिसऱ्या ते पाचव्या इनिंगमध्ये टाकतात, म्हणजे समोर खरे बॅटर असतात. नवव्या इनिंगमध्ये तीन बळी घेऊन सामना संपवणारा पिचर एप्रिलमध्ये बहुधा मायनर लीगच्या बसमध्ये असतो. महिन्याच्या शेवटी एखाद्याला लागोपाठ दोन दिवस टाकलं, की त्याच्याकडे जबाबदारी येतेय असं समजा. लाइनअपही तशीच वाचा. पाहुण्या संघाने चार तरी नियमित खेळाडू आणावेत असा दंडक आहे, पण ‘नियमित’ची व्याख्या भलतीच सैल असते. मोठी नावं बघायची असतील तर ती घरच्या मैदानावर बघा. आणि सामन्यापुढे ‘एसएस’ लिहिलेलं दिसलं तर त्या दिवशी संघ दोन ठिकाणी वाटला गेलाय हे धरून चाला.

मार्चमधल्या आकड्यांचं काय करायचं? २०१३ मध्ये बोस्टनच्या जॅकी ब्रॅडली ज्युनियरने फ्लोरिडात .४१९ची सरासरी काढली आणि मोसमात .१८९वर आला. उलट २०१५ मध्ये कब्जच्या क्रिस ब्रायंटने इथेच ॲरिझोनात नऊ होमरन मारले आणि तरी त्याला मायनर लीगला धाडलं. १७ एप्रिलला बोलावला. कारण सरळ हिशेबाचं होतं: १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष, सहा वर्षं भरली की खेळाडू कोणत्याही संघाकडे जायला मोकळा. ब्रायंटचे भरले १७१. त्याने तक्रार केली आणि तो हरला, नवोदितांचा किताब मात्र त्या वर्षी त्यालाच मिळाला. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२२च्या करारानंतर उत्तम नवोदितांना पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या संघाला नवे खेळाडू निवडायची एक जादा पाळी (ड्राफ्ट पिक) मिळू शकते, त्यामुळे ही चलाखी कमी झालीय, संपली नाही.

म्हणून मी सरासरी बघतच नाही. पिचरचा वेग गेल्या वर्षीपेक्षा ताशी दोन मैलांनी वाढलाय का, नव्या प्रकारचा चेंडू टाकतोय का, आणि ऑप्शन्स (खेळाडूला सरळ मायनर लीगला पाठवायची संघाची मुभा) उरलेत का, हे तीन मुद्दे पुरतात. ऑप्शन्स संपलेल्या खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या संघांपुढे मांडावा लागतो. म्हणून दोन सारख्या खेळाडूंत जागा त्यालाच मिळण्याची शक्यता जास्त. शेवटच्या फेऱ्यांत माझे निम्मे निर्णय याच एका माहितीवर होतात. आकडे बघायचेच असतील तर बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावर समोरच्यांची पातळी सांगणारा रकाना आहे: १० म्हणजे मेजर लीग, ८ म्हणजे ट्रिपल ए. सातच्या आसपास कुणी भरमसाट होमरन मारत असेल तर कौतुक करा आणि पुढे चला.

कधी जावं? फेब्रुवारीअखेर हॉटेल स्वस्त आणि तरुण पोरं जास्त दिसतात, पण पिचर एखाद-दुसरी इनिंगच टाकतात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भूमिका स्पष्ट होतात, मागची मैदानंही चालू असतात. फक्त शाळांच्या सुट्ट्यांमुळे खोल्यांचे भाव चढलेले असतात. ड्राफ्ट महिन्याच्या शेवटी असेल तर माझं मत तिसऱ्या आठवड्याला.

मैदानांपैकी सॉल्ट रिव्हर फील्ड्स सर्वांत देखणं. २०११ साली मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर उभं राहिलं, आणि तसं ते पहिलंच. ग्लेंडेलच्या कॅमलबॅक रँचमध्ये डॉजर्सच्या सरावाला सकाळपासूनच झुंबड उडते, कारण त्यांचा जपानी तारा ओहतानी. तिकडे शांतपणे नोंदी घेता येत नाहीत. मुलं बरोबर असतील तर मात्र तिथेच न्या. पिओरियात पाड्रेस आणि मरिनर्स एकाच संकुलात असल्याने एका सकाळीत दोन संघ उरकतात.

तिकिटात कंजूषपणा करायचा असेल तर आउटफिल्डमागच्या हिरवळीचं घ्या, चादर अंथरा. पण ऊन लक्षात असू द्या. तीस अंशांतलं कोरडं ऊन घाम दाखवत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं. होम प्लेटमागच्या वरच्या रांगांत सावली आधी येते. पाण्याची बाटली आणि पिशवी यांचे नियम प्रत्येक मैदानाचे वेगळे, निघण्याआधी बघा. गाडीशिवाय हा दौरा होत नाही. जेवणासाठी चँडलरकडे वळा, तिथे देशी दुकानांची आणि हॉटेलांची रेलचेल आहे. स्टेडियममधल्या हॉट डॉगवर तीन दिवस काढणं माझ्याच्याने होत नाही.

कॅलिफोर्नियाहून जाणाऱ्यांसाठी एक बारकावा: ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. मार्चचा दुसरा रविवार उलटला की तुमचं आणि तिथलं घड्याळ एकच होतं, त्याआधी तिथे एक तास पुढे असतो. परतताना भाड्याची गाडी विमानतळाच्या भाडे केंद्रावर सोडली की टर्मिनलपर्यंत स्काय ट्रेन फुकट आहे.