दहावीचं केंद्र आणि मागची भिंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजींच्या आणि बाकांच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. परीक्षा केंद्राची कामं पाहिलेल्या माजी विद्यार्थ्याने शाळेला सांगावं ते एवढंच: मार्चमध्ये भिंतीबाहेर जमणाऱ्या लोकांवर नजर कशी ठेवायची.

नियम भरपूर आहेत. पेपर ११ वाजता हातात पडतो, २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जादा मिळतात, एका खोलीत २५ मुलं. केंद्राजवळ जमावबंदी, ते कलम आधी १४४ होतं, जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. गैरप्रकारांविरुद्ध १९८२ चा कायदाही आहे. पण छत्रपती संभाजीनगर विभाग असो की लातूर, पोलीस खुर्ची टाकतो पुढच्या गेटवर, लिंबाच्या सावलीला. आणि माणसं येतात मागून, मुताऱ्यांच्या बाजूच्या येड्या बाभळीतून.

जमलेले सगळेच कॉपीवाले नसतात. पालक सावली धरून बसतो, पाण्याची बाटली जवळ, नजर गेटवर. कॉपी पुरवणारा खिडक्या मोजतो. त्याची मोटारसायकल रस्त्याकडे तोंड करून लावलेली, चावी तशीच. मराठीच्या पेपरला शुकशुकाट. इंग्रजी आणि गणिताला जत्रा. गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा, दोनच तासांचा. पहिल्या अर्ध्या तासात प्रश्न बाहेर गेला नाही, तर उत्तर आत यायला वेळच उरत नाही. म्हणून साडेअकरापर्यंत कुणी लघवीला उठला तर सोबत शिपाई हवा, आणि पाणी वाटणारा पोरगा बाहेरचा नको.

चिठ्ठी कशी येते? गाइडचं पान उभं फाडून, घड्या घालून, आत मुरमाचा खडा, वरून रबर. खडा नसला की कागद भिंतीपाशीच गळतो. नेम चुकला की पत्र्यावर टणकन आवाज आणि २५ माना वर. बऱ्याचदा ती भलत्याच वर्गात पडते. प्रश्नक्रमांक नसला तर पोरगं भलत्याच प्रश्नाखाली उतरवून मोकळं होतं. मग अख्ख्या ओळीत एकच चूक. पर्यवेक्षकाने जमिनीवरचा कागद आधी उचलावा, कुणाचा ते मागून विचारावं.

भिंतीवर काचा रोवून काही होत नाही, गोणपाट टाकून चढतात. त्यापेक्षा भिंतीला टेकलेला मुरमाचा ढीग हलवा, आत झुकलेली फांदी छाटा, बाकं खिडकीपासून तीन फूट आत घ्या, खिडकीच्या खालच्या अर्ध्याला बारीक जाळी मारा. आणि एक खुर्ची मागे टाका. तिच्यावर परगावचा माणूस बसवा. गावातला असला तर भाचा दिसताच पाठ फिरवतो. काठी घेऊन पळापळ नको, त्या गोंधळात प्रामाणिक पोरांचा वेळ जातो. गाडीचा नंबर मोठ्याने वाचून वहीत टिपला, तरी गडी काढता पाय घेतो.

एक गोष्ट मात्र स्मरणिकेतच सांगायला हवी. भिंतीवरचे ते परके चेहरे बऱ्याचदा आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी निघतात. कोणती वीट निखळलीय, कोणत्या खिडकीची कडी लागत नाही, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? महोत्सवाच्या वर्गणीतून आधी त्या कड्या बसवा. प्रवेशद्वाराची कमान उरलेल्या पैशांत बघू.