जुन्या इंजिनांना मी हात का लावतो

‘जुने इंजिन आहे तसे का ठेवत नाही?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी आणि इतक्या वेगवेगळ्या सुरांत विचारला आहे की आता एकदा सविस्तर लिहिणेच बरे. मॉडेल विमानांची जुनी इंजिने जमवणाऱ्यांच्या मते मी त्यांचे जुनेपण घालवतो, आणि विमाने उडवणाऱ्यांच्या मते मी माझा वेळ घालवतो. दुसऱ्या गटाशी माझा वाद नाही. बॅटरीवरची मोटर स्वच्छ आणि भरवशाची असते, शेजाऱ्यांना तिचा त्रास होत नाही, आणि ज्याला फक्त विमान उडवायचे आहे त्याला मीही तीच घ्यायला सांगतो. मला इंजिनात रस आहे, विमानात त्या मानाने कमी. पहिल्या गटाला मात्र उत्तर द्यायलाच हवे, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मला झोंबते.

‘आहे तसे’ याचा अर्थ आधी नीट पाहावा. ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून राहिलेले इंजिन शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी होते तसे राहिलेले नसते. इंधनातले एरंडेल उष्णतेने आणि हवेने आटून व्हार्निशासारखे कडक होते आणि पिस्टन सिलेंडरला चिकटवून टाकते. ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगने पेटणारे मिथेनॉलवरचे इंजिन असेल तर ते मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि ते पाणी बेअरिंग गंजवत राहते. हात न लावल्याने यातले काहीच थांबत नाही. त्यातून कोणीतरी उत्साहाने पक्कड घेऊन शाफ्ट फिरवतो, कोणी सिलेंडर सरळ व्हाइसमध्ये आवळतो आणि सिलेंडर थंड ठेवणाऱ्या कागदासारख्या पातळ फिन वाकवून ठेवतो, कोणी भांडी घासायच्या पुडीने बॉडी चकचकीत करतो. माझ्याकडे येणारी बहुतेक इंजिने या अवस्थेतून येतात. मी ती गरम हवेने तापवतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि एरंडेलाचा थर मऊ पडतो, त्यामुळे जोर न लावता भाग सुटे होतात. एवढ्यावर कोणाचा आक्षेप नसतो. आक्षेप त्यापुढच्या कामावर असतो.

माझा पोटापाण्याचा धंदा बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारे-मिटणारे सरकते दांडे, त्यांच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, बारीक घासून बसवण्याचे, म्हणजे लॅपिंगचे काम मी करतो. स्पूल आणि बोअर यांच्यातली फट काही मायक्रॉनची ठेवावी लागते. जास्त झाली तर तेल निसटते, कमी झाली तर स्पूल अडकतो. छोट्या डिझेल इंजिनाचा पिस्टन याच जातीचा जॉब आहे. त्याला रिंग नसते. पोलादी सिलेंडरमध्ये बिडाचा पिस्टन केवळ फिटिंगच्या जोरावर दाब धरतो, आणि तोही असा की तळाशी सैल, वरच्या टोकाला जेमतेम घट्ट. बेळगावात फाउंड्री आणि लेथ यांना तोटा नाही. चांगल्या करड्या बिडाचा तुकडा आम्हाला भंगारातही मिळतो. ज्या गावात हे काम हातांना येते, तिथे बंद इंजिन कपाटात ठेवून द्यावे हे मला पटत नाही.

बदल मी करतो, हे लपवत नाही. झिजलेल्या बुशच्या जागी बॉल बेअरिंग बसवतो. सायलेन्सर करून लावतो, कारण वस्तीजवळ त्याशिवाय चालवणे हा लोकांवर अन्याय आहे. काही ग्लो इंजिने डिझेलवर नेतो. ग्लो प्लग १९४७ पासून बाजारात आला आणि मिथेनॉलवरची इंजिने जगभर पसरली. आमच्याकडे मिथेनॉल सहज हाती लागत नाही आणि लागूही नये, विषारी दारूने माणसे मेली आहेत ती त्याच्यामुळेच. डिझेलला ईथर, केरोसिन आणि एरंडेल साधारण सारख्या भागांत लागते. ईथरही सुखासुखी मिळत नाही, पण ते दाबाच्या उष्णतेने स्वतःच पेटते, प्लग लागत नाही. त्यासाठी हेड नवे करावे लागते, आत दाब कमी-जास्त करणारा वरचा पिस्टन आणि तो दाबायला आडव्या कांडीचा स्क्रू. जुने हेड पिशवीत घालून इंजिनाबरोबर देतो. ज्याला हवे त्याने परत लावावे. मात्र ग्लोसाठी बनलेल्या कनेक्टिंग रॉडवर डिझेलचा भार जास्त येतो, म्हणून प्रत्येक इंजिनाला हे करत नाही आणि करू नये.

हे सारे परत फिरवता येते. सिलेंडरचा बोअर लॅप केला की मात्र काढलेला धातू परत येत नाही. झिजेचे ओरखडे जाईपर्यंत बोअर साफ करायचा आणि त्या नव्या मापाला नवा पिस्टन करायचा, हा एकच उपाय असतो. जुना पिस्टन त्यात मग कायमचा ढिला. इथे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि इथेच निपाणीच्या गुरुजींची गोष्ट सांगायला हवी. मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काहींनी ती अर्धवट ऐकलेली आहे.

गुरुजींचे सहस्रचंद्रदर्शन ठरले होते. त्यांच्या मुलाने त्यांना न सांगता एक इंजिन माझ्याकडे आणले. मिल्स १.३, इंग्लंडात वोकिंग येथे १९४६ पासून बनू लागलेले डिझेल, सव्वा सीसीच्या थोडे वर, बोअर दहा मिलिमीटरहून जरा मोठा. गुरुजींनी ते तरुणपणी बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या हवाई तळावरच्या एका वायुसैनिकाकडून विकत घेतले होते आणि तंबाखू निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या वावरात तारेवरची, म्हणजे तारेने धरून गोल फिरवायची विमाने त्यावर उडवली होती. मुलाची इच्छा एवढीच की त्या दिवशी अंगणात ते चालावे आणि वडिलांनी ऐकावे. मला हे काम मनापासून करावेसे वाटले.

इंजिन उघडले तेव्हा सिलेंडर कारखान्याचा होता, पिस्टन मात्र कारखान्याचा नव्हता. बिडाचा कण जाड होता, आतल्या बाजूला हत्याराच्या खुणा होत्या, आणि डोक्यावर सेंटर पंचाने मारलेला एक ठिपका होता. पिस्टन प्रत्येक वेळी त्याच दिशेने बसावा म्हणून केलेली खूण. कोणीतरी केव्हातरी साध्या लेथवर करून हाताने लॅप केलेला तो पिस्टन होता आणि काम वाईट नव्हते. पण तो झिजून अंडाकृती झाला होता आणि दाब अजिबात धरत नव्हता. माझ्या वहीत तेव्हा एक नियम लिहिलेला होता: कारखान्याने दिलेला भाग राखायचा, नंतरची डागडुजी गरज पडल्यास काढायची. त्या नियमाप्रमाणे मी वागलो. सिलेंडर राखला, बोअर पितळी लॅपने अगदी हलका साफ केला, वरच्या पिस्टनसकट नवा पिस्टन केला, एअर गेजवर वरपासून खालपर्यंत मापे घेतली. जुना पिस्टन तेलाचे बोट लावून डबीत घातला, कारण काढलेला भाग मी कधीच टाकत नाही.

समारंभाच्या दिवशी अंगणात लाकडी फळीवर इंजिन बांधले, नऊ इंची प्रॉपेलर लावला. मिल्स साइडपोर्ट असल्याने, म्हणजे इंधन-हवा सिलेंडरच्या बाजूच्या भोकातून आत येत असल्याने, दोन्ही दिशांना चालते. आधी उलटेच सुरू झाले, ते बंद करून परत झटका दिला, मग सुलट लागले. कांडी फिरवून दाब उतरवला तसा आवाज सारखा झाला. मांडवातले लोक टाळ्या वाजवत होते. गुरुजी खुर्चीवरून उठून जवळ आले, बराच वेळ ऐकत राहिले, आणि हाताने बंद करायची खूण केली. इंजिन निवल्यावर त्यांनी मुलाकडून बॅटरी मागितली, प्रॉपेलर हळू फिरवून पिस्टन खाली आणला आणि एक्झॉस्टच्या पोर्टमधून आत पाहिले.

‘ठिपका कुठं आहे?’ त्यांनी विचारले.

मी डबी पुढे केली. त्यांनी पिस्टन तळहातावर घेतला. तो त्यांनी स्वतः केला होता. कारखान्याचा पिस्टन एका उड्डाणानंतर धूळ जाऊन अडकला आणि चिरला; दुसरा कुठे मिळणार नव्हता. उसाच्या चरकाचे फुटलेले दातेरी चाक होते, त्याच्या बिडातून त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रात्री बसून तो कातला होता. मुलाला हे माहीत नव्हते. घरात कोणालाच नव्हते.

मी सांगितले, ‘गुरुजी, तो झिजला होता. कॉम्प्रेशन धरत नव्हता.’

‘मला ठाऊक नाही होय? माझ्या हातातच झिजला तो,’ ते म्हणाले. ‘सिलेंडर इंग्लंडात हजारोंनी निघाले असतील रे. हा पिस्टन एकच होता. तुला सिलेंडर नवा करता आला असता.’

त्यांनी आवाज चढवला नाही. ‘तुझं काम चांगलं आहे, हात चांगला आहे तुझा,’ असेही म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, कारण पिस्टनचे फिटिंग त्यांनी बोटाने तपासून पाहिले होते. मग डबी स्वतःकडे ठेवली आणि इंजिन माझ्या हातात दिले. ‘हे घेऊन जा. चालतंय ते तुझं आहे.’ मुलगा मध्ये बोलू लागला, तेव्हा त्यांनी विषय जेवणाच्या पंगतीकडे वळवला. मी जेवलो, नमस्कार केला आणि इंजिन घेऊन बेळगावला परत आलो.

तेव्हापासून मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडतो आहे. माझी बाजू लंगडी नाही. अंडाकृती पिस्टनला नवा सिलेंडर करायचा तर आधी पिस्टन गोल करावा लागतो, म्हणजे त्यांनी केलेला पृष्ठभाग तसाही गेला असता. शिवाय पोलादी सिलेंडर, त्याचे पोर्ट, त्याचे हार्डनिंग हे पिस्टनपेक्षा कितीतरी अवघड काम. आणि तसे केले असते तर १९४० च्या दशकातला सिलेंडर डबीत गेला असता आणि हेच जमवणारे लोक माझ्यावर तुटून पडले असते. एवढे सगळे मी स्वतःला पटवतो, आणि मग ते वाक्य पुन्हा समोर येते: हा पिस्टन एकच होता. ज्या भागात माणसाने स्वतःचे काम ओतले तो भाग मी डागडुजी म्हणून बाजूला काढला, आणि जो भाग मशिनवर रांगेने निघाला तो राखला. नियम लिहिणारा मी त्या वेळी याला शिस्त म्हणत होतो. आज मी त्याला विचारतो की कारखान्याचा शिक्का असलेल्या धातूला तू जास्त मान का दिलास. तो मला विचारतो की मग प्रत्येक अर्धवट दुरुस्ती पवित्र मानायची का. कोणीतरी कानशीने घासून ठेवलेला पोर्टही राखायचा का. दोघांनाही उत्तर सापडत नाही.

व्यवहारात एवढे बदलले आहे की आता कोणी इंजिन आणले की मी आधी ज्याने ते चालवले त्याला भेटायचा आग्रह धरतो. तो हयात नसेल तर घरच्यांना विचारतो की आतले काही त्यांनी स्वतः केले होते का. पुष्कळदा घरच्यांनाही ठाऊक नसते. अशा वेळी मी थांबत नाही, काम करतोच, कारण थांबलो तर सगळीच इंजिने एरंडेलात गोठून राहतील. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आपली इंजिने माझ्याकडे देऊ नयेत, त्यात मला राग नाही.

गुरुजींचे मिल्स माझ्या टेबलावर आहे आणि मी ते अधूनमधून चालवतो. त्यांच्या पिस्टनच्या मापाने दुसरा सिलेंडर करण्याचा विचार मनात येतो. पोलादाची कांब आणून ठेवली आहे, बोअर केवढा घ्यायचा ते पिस्टन किती कमीत कमी घासून गोल होतो यावर ठरेल. पण त्यासाठी पिस्टन हातात हवा, आणि तो मागायला मी अजून निपाणीला गेलेलो नाही. गेलो तरी गुरुजी तो घासू देतील असे मला वाटत नाही.