सपाट जागा

22 जुलै 2021ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली, 80हून अधिक माणसं गेली. त्यानंतर महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आम्हा भूवैज्ञानिकांना सारखी बोलावणी येत होती. कुठे जमिनीला भेग, कुठे भिंतीला तडा, कुठे झऱ्याला गढूळ पाणी. त्यातल्या एका वाडीवरचा दिवस अजून डोक्यातून जात नाही. धोका कुठे आहे हे बघायला गेले होते, पण खरा पेच निघाला तो लोकांनी सुरक्षित म्हणून निवडलेल्या जागेत.

वाडीत शिरल्या शिरल्या एका आजींनी मला थांबवलं. "बाय, माझं दार लागत नाय गेल्या पंधरवड्यापास्नं." सोबतचा माणूस म्हणाला, लाकूड फुगलं असेल, पावसाळा आहे. मी दार बघितलं. लाकूड फुगलं की दार सगळीकडून घट्ट होतं. इथे वरच्या एका कोपऱ्यात घासत होतं आणि खालच्या बाजूला बोट जाईल एवढी फट होती. चौकटच कलली होती. घराखालची जमीन हलली, की दरवाजे-खिडक्यांवर ते लवकर दिसतं.

वर चढलो. गवत कमरेएवढं, त्यामुळे भेग दिसण्याआधी पायाला कळली. चंद्रकोरीच्या आकारात ती उतारावर आडवी गेली होती आणि खालची बाजू चांगली वीतभर खचलेली. तुटलेली मुळं आतून पांढरी, ओली होती. म्हणजे भेग ताजी.

पायवाटेच्या कडेला डोंगर कापलेला होता, तिथे मी सोबतच्या पोरांना थांबवलं. मातीत गोल गोल दगड बसलेले आणि प्रत्येकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे. एका पोराच्या हातात हातोडी दिली. मधल्या गाभ्यावर मारली तर टणकन वाजली, पापुद्र्यावर मारली तर बद्द आवाज आला आणि तांबूस भुगा खाली पडला. दोन्ही एकच दगड, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसाचं पाणी हवेतला आणि पालापाचोळ्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन फटींतून आत जातं. दगडातल्या खनिजांची हळूहळू चिकणमाती होते, लोह गंजून तांबडं होतं. कोपऱ्यांवर पाणी दोन-तीन बाजूंनी काम करतं, म्हणून चौकोनी ठोकळा गोल होत जातो. सह्याद्रीच्या या उतारांवर अशी कुजलेल्या खडकाची जाडजूड गोधडी पसरलेली आहे. खाली अखंड पाषाण, वर ही माती. पाणी वरून झरझर मुरतं आणि पाषाणावर येऊन अडतं. मातीतल्या फटी पाण्यानं भरल्या, की तेच पाणी कणांना एकमेकांपासून रेटायला लागतं, मातीची पकड सुटते. त्या जुलैत महाबळेश्वरला 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला होता. एवढ्या पाण्यापुढे बरेचसे उतार टिकले, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

वाडी हलवायला हवी, यावर कुणाचं दुमत नव्हतं. तळीये ताजं होतं आणि 2014चं माळीणही कुणी विसरलं नव्हतं. नवी जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. ती दाखवायला सगळे मोठ्या उत्साहानं घेऊन गेले. जागा खरंच सुरेख. डोंगराच्या पायथ्याशी ऐसपैस सपाटी, भाताची खाचरं, कडेला पऱ्या म्हणजे लहान ओढा, बारमाही झरा.

मी पऱ्यात उतरले. पाण्यानं काठ उभा कापलेला, दोन पुरुष उंचीचा. त्यात वरपासून खालपर्यंत तांबड्या चिकणमातीत दगड रुतलेले. मुठीएवढे, टोपलीएवढे, एक तर बैलगाडीएवढा, आणि बहुतेक सगळ्यांच्या कडा धारदार. नदीनं आणलेले दगड असे नसतात. सावित्रीच्या पात्रात बघा, गोटे घासून गुळगुळीत झालेले असतात. नदीचा वेग कमी होतो तशी ती आधी मोठे दगड टाकते, मग वाळू, शेवटी गाळ. त्याच जुलैतल्या पुरात महाडच्या घरा-दुकानांतून लोकांनी फावड्यानं ओढून काढला, तो चिखल असाच डोंगरावरून निघून सावित्रीनं खाली नेऊन टाकलेला. इथे मात्र लहान-मोठं सगळं एकत्र कालवलेलं, कुठलीच निवड नाही. हे एका दमात वरून आलेलं होतं. ती सपाटी म्हणजे कधीतरी कोसळलेल्या जुन्या दरडीचा पसारा होता, आणि वर बघितलं तर डोंगराला अजूनही तिची खोबण होती.

हे सांगणं जड गेलं. सरपंच म्हणाले, "मॅडम, आमच्या आज्या-पणज्यांनी इथे भात लावलाय. माती सोन्यासारखी आहे."

माती सोन्यासारखी होती, हे खरंच. डोंगरावरून उतरलेली बारीक माती तिथेच साठली म्हणून भात पिकतो, सैल थरात पाणी मुरतं म्हणून झरा आटत नाही. ज्या दरडीनं ती जागा केली, तिनंच ती पिकाऊ केली. कोकणात कितीतरी वाड्या अशाच सपाट्यांवर का वसल्या, ते त्या काठाकडे बघून समजतं. माणसानं माती आणि पाणी बघून घर बांधलं, यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी सुचवलेली जागा कुणालाच आवडली नाही. डोंगराच्या सोंडेवरचा उघडा कातळ, वरची माती पावसानं कधीच धुऊन नेलेली. आजी सरळ म्हणाल्या, "तिथं मेथीची जुडी तरी उगवंल काय?" मी त्यांना म्हटलं, "आजी, शेती खालीच करा. फक्त रात्री झोपायला वर या." मग बराच वेळ वाद झाला तो पाण्यावरून. वर पाणी कोण आणणार? हा प्रश्न रास्त होता. खालच्या झऱ्यावरून पंप लावून नळ नेण्याचं काम घरांच्या आधी पूर्ण व्हावं, असं मी अहवालात वेगळा मुद्दा करून लिहिलं, कारण पाण्याशिवाय बांधलेल्या पुनर्वसनाच्या घरांतून लोक परत जुन्या जागी गेलेले मी पाहिले आहेत.

संध्याकाळ व्हायच्या आत पोरांकडून भेग चिकणमातीनं ठासून बुजवून घेतली आणि वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूच्या पऱ्यात वळवलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या. खुंट्यांमधलं अंतर रोज सकाळी टेपनं मोजून वहीत लिहायचं काम बारावीतल्या एका मुलीनं आपणहून घेतलं. अंतर वाढलं, झरा गढूळ झाला किंवा अचानक बंद पडला, तर कुणाच्या आदेशाची वाट न बघता सगळ्यांनी शाळेत जायचं, असं ठरलं. शाळा कातळावर होती.