रॉथशील्ड बुलेव्हार ते रामला : एका कायद्याच्या वाटेवरचा प्रवास

तेल अवीवच्या रॉथशील्ड बुलेव्हारवरील सोळा क्रमांकाची इमारत बाहेरून पाहिली, तर तिच्यात एका राष्ट्राची घोषणा झाली असेल यावर सहजी विश्वास बसत नाही. शहराचे पहिले महापौर मेइर दिझेंगॉफ यांचे हे घर. त्यांनी ते कलासंग्रहालयासाठी देऊन टाकले होते, आणि तेथेच १४ मे १९४८ रोजी, शुक्रवारी दुपारी चार वाजता, डेव्हिड बेन-गुरियन यांनी इस्राएलच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. ब्रिटिश अंमल मध्यरात्री संपायचा होता, परंतु सूर्यास्ताबरोबर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होणार असल्यामुळे तोवर थांबण्याची सोय नव्हती. आतले दालन ठेंगणे आणि काहीसे कोंदट आहे. समोर ज्यू राष्ट्रवादाचे प्रणेते थिओडोर हर्झल यांचे मोठे छायाचित्र, त्याच्या दोन्ही बाजूंना उभे सोडलेले लांब ध्वज आणि त्याखाली मंचाचे लांबलचक टेबल. मार्गदर्शक बाईंनी बेन-गुरियन यांच्या आवाजाची ध्वनिफीत लावली तेव्हा शाळेच्या सहलीला आलेली मुलेसुद्धा गप्प झाली. सुलेखनकाराचे काम वेळेत पुरे न झाल्यामुळे त्या दिवशी उपस्थितांनी चर्मपत्राच्या कोऱ्या भागाखालीच सह्या केल्या आणि मजकूर नंतर वर चढवला गेला, ही माहिती त्यांनी गमतीने सांगितली. आयुष्यभर दस्तऐवज हाताळलेल्या माझ्यासारख्या वकिलाला मात्र ती जरा जास्तच लागली.

मी गेले ते २०१८ च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षी १९ जुलैला क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ‘इस्राएल : ज्यू लोकांचे राष्ट्र-राज्य’ हा मूलभूत कायदा संमत केला होता आणि त्यावरचा वाद अजून निवला नव्हता. त्यामुळे जाहीरनाम्यातील दोन वचने मी मुद्दाम शोधून वाचली. धर्म, वंश वा लिंग यांचा विचार न करता सर्व रहिवाशांना संपूर्ण सामाजिक व राजकीय समानता दिली जाईल, हे पहिले. निवडून आलेली घटनासमिती १ ऑक्टोबर १९४८ पूर्वी राज्यघटना तयार करील, हे दुसरे. युद्धामुळे ती तारीख टळली. जानेवारी १९४९ मध्ये घटनासमिती निवडून तर आली, पण तिने घटना लिहिण्याऐवजी स्वतःचेच पहिल्या क्नेसेटमध्ये रूपांतर करून घेतले. धार्मिक पक्षांना तोराह या धर्मग्रंथाच्या वर बसणारी घटना नको होती आणि बेन-गुरियन यांनाही हातपाय बांधून घेण्याची घाई नव्हती. अखेर जून १९५० मध्ये हरारी ठरावाने तोडगा निघाला की घटना एकदम न लिहिता एकेक प्रकरण ‘मूलभूत कायदा’ म्हणून संमत करत जावे. त्याच सुमारास आपली घटनासमिती काम आटोपून मोकळी झाली होती, हे आठवल्यावाचून राहिले नाही.

जेरुसलेममध्ये क्नेसेटची इमारत पाहण्यासाठी पारपत्र दाखवून, झडती देऊन आत गेले. समोर बेन्नो एल्कान यांनी घडवलेला, ब्रिटनकडून भेट मिळालेला भव्य मेनोरा, म्हणजे सात फांद्यांचा दीपवृक्ष, आहे. आत मार्क शगाल यांचे भित्तिपट आहेत, त्यांच्यासमोर मी ठरवल्यापेक्षा बराच अधिक वेळ काढला. सभागृहात १२० सदस्यांची आसने मेनोराच्या आकारात मांडलेली आहेत. याच सभागृहात रात्र जागवलेल्या चर्चेनंतर ६२ विरुद्ध ५५ मतांनी, दोन सदस्य तटस्थ राहून, तो कायदा संमत झाला होता आणि अरब सदस्यांनी त्याच्या प्रती येथेच फाडल्या होत्या. विधेयक मूळचे अवि दिख्तर यांचे. २०११ पासून ते या ना त्या रूपात फिरत होते.

कायदा अवघ्या अकरा कलमांचा आहे. ध्वज, मेनोराचे राजचिन्ह, हतिक्वा हे राष्ट्रगीत, राजधानी, हिब्रू पंचांग, शब्बाथची सुट्टी, जगभरच्या ज्यूंच्या आगमनासाठी खुले दार, यांतील बहुतेक गोष्टी साध्या कायद्यांनी आधीच ठरलेल्या होत्या. परतीच्या हक्काचा कायदा तर १९५० चाच आहे. तेव्हा ‘नवे काय?’ या समर्थकांच्या प्रश्नात तथ्य आहे. परंतु जे नवे आहे ते क्षुल्लक नाही. इस्राएलमध्ये राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ ज्यू लोकांचा, असे पहिले कलम सांगते. चौथे कलम हिब्रूला राज्याची भाषा ठरवून अरबीला ‘विशेष दर्जा’ देते. १९२२ पासून, ब्रिटिश आमदनीतल्या आदेशानुसार, ती हिब्रूच्या बरोबरीने अधिकृत होती. आधीचा व्यवहारातील दर्जा बाधित होणार नाही असे पोटकलम सोबत आहे, आणि खरोखरच माझ्या मुक्कामात रस्त्यावरच्या पाट्यांवर व नोटांवर अरबी होतीच. सातवे कलम ज्यू वसाहतींच्या विकासाला राष्ट्रीय मूल्य मानते. त्याच्या मूळ मसुद्यात धर्माच्या आधारावर वेगळ्या वस्त्यांना मुभा होती, ती राष्ट्राध्यक्ष रूवेन रिव्हलिन यांनी जाहीर विरोध केल्यानंतर गळाली. मला स्वतःला खटकते ते या कलमांपेक्षा त्यांच्यातील पोकळी. ‘समानता’ आणि ‘लोकशाही’ हे दोन्ही शब्द संपूर्ण कायद्यात एकदाही येत नाहीत. जे राष्ट्र स्वतःची ओळख घटनात्मक पातळीवर कोरायला बसते, त्याने जाहीरनाम्यातील एक वचन उचलावे आणि दुसरे जागेवरच ठेवावे, हे अनवधानाने घडत नाही.

क्नेसेटच्या शेजारीच, चालत जाण्याच्या अंतरावर सर्वोच्च न्यायालय आहे. १९९२ साली उघडलेली, राम कार्मी आणि आदा कार्मी-मेलामेद या भावंडांनी रचलेली ही वास्तू, न्यायालये पाहून कंटाळलेल्या माणसालाही थांबवते. कायद्याविरुद्धच्या याचिका तेव्हा तेथे दाखल झालेल्या होत्या. निकाल ८ जुलै २०२१ रोजी लागला. दहा न्यायाधीशांनी कायदा वैध ठरवला, मात्र तो समानतेशी सुसंगत अर्थानेच वाचला पाहिजे असे बजावले. एकटे जॉर्ज कारा, पीठावरचे अरब न्यायाधीश, यांनी मतभेद नोंदवला. घरी बसून तो निकाल वाचताना मला वाटले की न्यायालयाने कायदा राखला खरा, पण कायदेमंडळाने गाळलेली ओळ समासात आपल्या हाताने लिहून.

हैफाहून कार्मेल डोंगरावर चढणारी बस दालियत अल-कर्मेल या द्रुझ गावात सोडते. द्रुझ हा स्वतंत्र धर्म पाळणारा अरबीभाषक अल्पसंख्य समाज. शनिवारी ज्यू गावे बंद असतात तेव्हा येथील बाजार फुललेला असतो. गावातल्या जुन्या दगडी घरात एकोणिसाव्या शतकात लॉरेन्स ऑलिफंट हे ब्रिटिश गृहस्थ राहत आणि नफ्ताली हर्झ इम्बर त्यांचे चिटणीस होते. म्हणजे कायद्याने घटनात्मक स्थान दिलेल्या राष्ट्रगीताचा कवी या द्रुझ गावात वावरला होता. त्याच घरात आज इस्राएली सैन्यात कामी आलेल्या द्रुझ जवानांचे स्मारक आहे. १९५६ पासून द्रुझ पुरुषांना सक्तीची लष्करसेवा आहे. तेथल्या एका दुकानात, पातळ पोळीत लबने, म्हणजे घट्ट दही, गुंडाळून देणाऱ्या निवृत्त सुभेदाराच्या वयाच्या गृहस्थांनी, मी भारतीय वकील असल्याचे कळताच आपणहून विषय काढला. ४ ऑगस्टला तेल अवीवच्या राबिन चौकात हजारोंच्या संख्येने जमलेल्या निदर्शनात ते गेले होते. “ज्यूंचे राज्य आहे हे मी गणवेष चढवला तेव्हाही ठाऊक होते,” ते म्हणाले, “पण माझ्याबद्दल एक वाक्य लिहायला त्यांच्याकडे शाई नव्हती?”

शेवटचा मुक्काम रामला. ज्यू आणि अरब मिश्र वस्तीच्या या गावात कोकणातून आलेले बेने इस्राएल ज्यूही राहतात. बाजारात एका किराणा दुकानात पोहे आणि आमसुले पाहून मी थबकले, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी शुद्ध मराठीत “पातळ पोहे घ्या, हे जाड आहेत” असा सल्ला दिला. मूळच्या पेणकडच्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्या मला घरीच घेऊन गेल्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या समाजाची इस्राएलमधली कहाणी आपल्याकडे पुरेशी माहीत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने त्यांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात ते सर्वार्थाने ज्यू आहेत व विवाहासह सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे आहेत, अशी भूमिका सरकारने क्नेसेटमध्ये घेतली, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. मावशींच्या थोरल्या बहिणीचे लग्न याच भानगडीत रखडले होते. “आम्ही ज्यू आहोत हे सांगायलासुद्धा तेव्हा मोर्चा काढायला लागला गो,” मलिद्याचे ताट पुढे सरकवत त्या म्हणाल्या. गूळ, खोबरे आणि वेलचीच्या त्या पोह्यांनी माझे पुढचे दोन प्रश्न राहूनच गेले.

त्यांचा नातू नुकताच सैन्यातून सुटला होता आणि कायद्याच्या बाजूचा होता. ज्यूंना जगात एवढा एकच देश आहे, तेव्हा तसे लिहून ठेवण्यात गैर काय, असा त्याचा सरळ युक्तिवाद. समानता तर मानवी प्रतिष्ठेच्या १९९२ च्या मूलभूत कायद्यात आहेच, असेही त्याने ठासून सांगितले. ती तेथे शब्दाने नाही, न्यायालयाने ‘प्रतिष्ठे’तून अर्थ लावून ती काढली, आणि धार्मिक पक्षांच्या विरोधामुळेच तो शब्द तेव्हाही बाहेर राहिला, हे मी म्हटल्यावर त्याने फोनवर दोन्ही कायदे काढून कलमे चाळली. मग हिब्रूत आजीशी वाद सुरू झाला. त्याचे म्हणणे, हवी असेल तर घालावी ती ओळ, अकराव्या कलमाप्रमाणे सदस्यांचे बहुमत, म्हणजे ६१ मते, पुरतात. मावशींचे म्हणणे, गाळायला ६२ मिळाली, घालायला ६१ मिळवून दाखव. कोणता पक्ष किती मते देईल याचा हिशेब त्यांनी चहाचे कप बाजूला सारून मांडला आणि तो काही केल्या ६१ पर्यंत पोहोचेना.