आईची टावी आणि तारेच्या दोन रात्री

"वय झालंय, दम लागणारच," असं आई वर्षभर म्हणायची आणि आम्ही ते खरं मानलं. जिन्यात तिला भोवळ आली, तेव्हा कुठे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. महाधमनीच्या तोंडावरची झडप कॅल्शियम साचून आवळली होती. उघडीप जेमतेम ०.७ चौरस सेंटीमीटर. १ च्या खाली गेली की आजार गंभीर धरतात.

वय ८३, मूत्रपिंडं अशक्त. छाती उघडणं धोक्याचं, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून टावी सुचवली. जांघेतल्या धमनीतून नळी वर न्यायची आणि जुन्या झडपेच्या आतच नवी बसवायची. २००२ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा हे झालं, तेही शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णावर. हे ऐकून मला धीर आला.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण तयारीतच जीव मेटाकुटीला आला. झडपेच्या कड्याचं माप आणि जांघेपासूनच्या धमन्यांची रुंदी सीटी स्कॅनवर कळते; त्यासाठी शिरेतून द्यावा लागणारा डाय मूत्रपिंडांना जड. सलाइन लावून, डाय कमीत कमी वापरून स्कॅन केला. दोन दिवसांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढतं ते, वाढलेलं नाही असं कळलं आणि मी तिथेच रडले. मग दाताच्या डॉक्टरांकडे. "हृदयाच्या दुखण्यात माझी दाढ कशाला काढता?" आई चिडली. किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, हे समजावल्यावर तयार झाली.

प्रत्यक्ष टावी दीड तासात झाली. पूर्ण भूल नव्हती, फक्त गुंगी. फुग्याने झडप उघडताना ती सरकू नये म्हणून काही सेकंद ठोके मुद्दाम १८० पर्यंत नेतात. "छातीत फडफड झाली आणि सगळं लांब गेलं," आई नंतर म्हणाली.

संध्याकाळी ईसीजी बदलला. हृदयाचे विद्युत संदेश नेणारे तंतू झडपेच्या अगदी खालून जातात. नव्या झडपेच्या जाळीचा त्यांच्यावर दाब येतो. मग ठोके मंदावू शकतात. म्हणून पेसिंगची, म्हणजे बाहेरून विजेचे इशारे देऊन ठोके चालू ठेवणारी, तात्पुरती तार आत तशीच ठेवली. संमतीपत्रात पेसमेकरची एक ओळ होती, पण अशा रात्री काढाव्या लागतील हे कुणीच आम्हाला बसवून सांगितलं नव्हतं. त्याचा राग मला अजून आहे. पक्षाघात, रक्तस्राव यांची भीती मनात धरून आले होते, आणि दोन रात्री मॉनिटरवरच्या ठोक्यांच्या आकड्याकडे बघत बसले. तो ४८ झाला की उठून उभी राहायचे. आई मात्र शांत झोपलेली, श्वास एका लयीत. कित्येक महिन्यांत ती अशी सपाट उशीवर झोपली नव्हती.

तिसऱ्या सकाळी तार काढली. पेसमेकर लागला नाही, पण चक्कर आली तर लगेच या, असं बजावलं. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक ५२ वरून ९ वर आला होता, म्हणजे रक्ताची वाट मोकळी झाली होती.

दाताच्या कामाआधी अँटिबायोटिकबद्दल डॉक्टरांना विचारायचं, हे आईने फाइलच्या पहिल्याच पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.